कोणत्या मापानं ऐकतो आपण?

मार्काच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय काढा. सगळा नको, २१ ते २५ एवढ्या पाचच ओव्या. मोठ्यानं वाचा. घरात माणसं असली तरी संकोच करू नका; ही वचनं आधी कानांवर पडली, कागदावर नंतर आली. वाचून झालं की बायबल मिटू नका, पानात बोट राहू द्या. आपण मध्ये मत्तय आणि लूककडे जाऊन येऊ, पण मुक्काम इथेच.

प्रभू येशू आधी दिव्याबद्दल विचारतो. घरात आणलेला दिवा कुणी मापाखाली किंवा पलंगाखाली ठेवतं का? मग म्हणतो की जे झाकलेलं आहे, ते पुढे उघड व्हावं म्हणूनच झाकलेलं आहे. मग तुम्ही काय ऐकता ते जपा, अशी ताकीद. मग मापाची गोष्ट: आपण ज्या मापानं मोजू त्याच मापानं आपल्या पदरात पडेल, वर थोडी भरही मिळेल. आणि शेवटी ते वचन, जे वाचताना जीभ अडखळते. जवळ काही असणाऱ्याला आणखी मिळणार, आणि रिकाम्या माणसाचं होतं-नव्हतं तेही जाणार.

इथे थांबा. घाई करू नका.

या वचनाचा राग येत असेल तर येऊ द्या. ज्या घरात व्याज फिटता फिटत नाही, पैशापायी मुलीची शाळा सुटली आहे, त्या घरात हे वचन म्हणजे जखमेवर मीठ. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ साली विज्ञानाच्या क्षेत्रातली एक विषमता मांडली. नावाजलेल्या शास्त्रज्ञाच्या पदरात आणखी श्रेय पडतं आणि तेवढंच काम करणारा नवखा दुर्लक्षित राहतो. या प्रकाराला त्यांनी मत्तयचंच नाव दिलं, कारण मत्तयच्या शुभवर्तमानातही हे वचन येतं. जग असं चालतं, हे त्यांनी अचूक पाहिलं. पण जगाच्या या रीतीला प्रभूनं आशीर्वाद दिला, असा अर्थ कुणी काढत असेल तर तो मला मान्य नाही. हे वचन पैशाला लावलं की क्रूर होतं. मार्कानं ते ठेवलंय त्या जागी वाचलं की त्यातली दया दिसू लागते. ती जागा ऐकण्याची आहे.

ती जागा डोळ्यांपुढे आणा. गालील सरोवराचा काठ. माणसांची इतकी दाटी, की येशू होडीत जाऊन बसला आहे. होडी पाण्यात आणि ऐकणारे काठावर. तो पेरणाऱ्याचा दाखला सांगतो. त्या मुलखात पावसाळा हिवाळ्यात येतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास पहिल्या सरी पडल्या की गहू आणि जव पेरायचे, वसंतात कापायचे. बी हातानं फोकायचं. फोकलेलं बी शेताच्या कडेची पायवाट ओळखत नाही, काटेरी झुडपं ओळखत नाही, दोन बोटं मातीखाली दडलेला कातळही ओळखत नाही. ते सगळीकडे पडतं.

कातळावरच्या त्या पातळ मातीशी जरा वेळ राहू या. दाखल्यात पहिला कोंब तिथेच फुटतो. मुळांना खाली जायला वाव नाही, म्हणून सगळी धाव वर. पहिल्या आठवड्यात कुणी शेत पाहायला आलं असतं, तर त्यानं हाच तुकडा सगळ्यांत चांगला म्हणून दाखवला असता. सभेत डोळे भरून येणं, शिबिरातून परतताना हातून आता काहीतरी मोठं होणार असं वाटणं, हे सगळं खरं असतं आणि त्याला कमी लेखायचं कारण नाही. पण प्रभू त्याला पीक म्हणत नाही. तो उन्हाची वाट पाहायला सांगतो.

काट्यांतलं बी तर मरतही नाही. ते वाढतं, हिरवं राहतं, फक्त दाणा धरत नाही. माझ्या मते दाखल्यातली सगळ्यांत अवघड जमीन हीच, कारण तिथल्या माणसाला आपलं काही बिघडलंय असं वर्षानुवर्षं वाटत नाही. देवळात जाणं चालू, प्रार्थना चालू, दानपेटीत हात जाणं चालू. चिंता आणि पैशाची ओढ यांनी मध्येच कधी जागा व्यापली, ते कळलेलं नसतं.

आता पुढचा प्रसंग, ज्याकडे आपलं सहसा लक्ष जात नाही. गर्दी पांगली आहे. बारा शिष्य आणि त्यांच्याबरोबरचे आणखी काही जण येशूपाशी येतात आणि दाखल्याचा अर्थ विचारतात. म्हणजे त्यांनाही तो कळलेला नव्हता. येशू त्यांना बोलतोही: हा दाखला समजत नाही, तर बाकीचे कसे समजणार? काठावर उभ्या असलेल्या शेकडो माणसांना कळलं नाही आणि या मूठभरांनाही कळलं नाही. त्या दोघांत फरक एवढाच, की हे थांबले. न कळल्याचं ओझं घेऊन घरी गेले नाहीत, ते त्याच्यापुढे ठेवलं.

मग ‘जवळ असणारा’ म्हणजे कोण, हे आपोआप उलगडू लागतं. या माणसांजवळ ज्ञान नव्हतं. पुण्याचा साठा नव्हता. पुढे याच बारांतला एक जण त्याला धरून देणार होता आणि एक जण त्याला ओळखत नाही म्हणणार होता. त्यांच्याजवळ एक प्रश्न होता आणि तो विचारण्याइतकी जवळीक होती. तेवढ्यावर त्यांना आणखी मिळालं.

स्वतःला विचारा: एखाद्या वचनापाशी ‘प्रभू, हे मला समजत नाही’ असं म्हणून मी शेवटचं कधी थांबलो? उत्तर लगेच आलं नाही तर शोधत बसा. पुढच्या ओळी कुठे जात नाहीत.

आता माप. बाजारात पायलीनं धान्य मोजताना ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. धान्य मापात ओतलं की विकणाऱ्याचा हात दोन तऱ्हांनी चालू शकतो. एक हात धान्य सैल राहू देतो, काठावरून तळवा फिरवतो आणि माप सपाट करून टाकतो. तेही बरोबरच, त्याला कुणी चोर म्हणणार नाही. दुसरा हात माप हलवतो, धान्य खाली बसू देतो, तळव्यानं दाबतो, पुन्हा ओततो आणि वर शीग लावतो. दाणे कडेवरून घरंगळून पसरलेल्या पदरात पडेपर्यंत. लूकच्या सहाव्या अध्यायात प्रभू नेमकं हेच वर्णन करतो: दाबून, हलवून, शिगोशीग भरून पदरात टाकलेलं माप. तो हा व्यवहार जवळून पाहिलेला माणूस होता.

लूकमध्ये हे माप क्षमेचं आणि देण्याचं आहे. मत्तयच्या सातव्या अध्यायात ते दुसऱ्याचा न्याय करण्याचं आहे. मार्कानं मात्र ते ऐकण्याला लावलं. मला हे फार मोलाचं वाटतं. देताना हात किती मोकळा आहे, हे आपण अधूनमधून तपासतो. घेताना तो किती मोकळा आहे, हे कोण तपासतं? ऐकायलाही माप लागतं. कुणी वाटी घेऊन येतो, कुणी पायली. कुणी वचन ऐकतानाच तळवा फिरवून सपाट करतो: हे मला ठाऊक आहे, हे माझ्या भावानं ऐकायला हवं होतं, हे त्या काळच्या लोकांसाठी होतं. इतकं कापून जे उरतं तेच आपल्या वाट्याला येतं. ते कुणी काढून नेलेलं नसतं. आपणच मापाबाहेर लोटलेलं असतं.

आपलं माप कसलं आहे, हे समजण्यासाठी फार खोलात जायला नको. गेल्या रविवारचं उपदेशाचं वचन आठवा. ते ऐकताना मनात कुणाचा चेहरा आला होता? स्वतःचा की दुसऱ्याचा?

इथून मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात जाऊ. तेच वचन तिथे पुन्हा येतं, तालांतांच्या दाखल्याच्या शेवटी. क्रूसावर जाण्याच्या थोडेच दिवस आधी, जैतुनाच्या डोंगरावर शिष्यांशी बोलताना येशूनं हा दाखला सांगितला. धनी परदेशी जायला निघतो आणि चाकरांच्या हाती आपली मालमत्ता सोपवतो: एकाला पाच तालांत, एकाला दोन, एकाला एक. आपण ‘एक’ हा आकडा वाचतो आणि त्या चाकराची कीव करतो. पण तालांत म्हणजे सुमारे ६,००० दीनार, आणि दीनार हा मजुराचा एका दिवसाचा रोज. शब्बाथाचे दिवस वजा केले तर साधारण २० वर्षांची मजुरी. चांदीत धरली तर २५ किलोंहून अधिक. हे ज्याच्या स्वाधीन केलं, तो एक चाकर.

आणि मत्तयच्या दाखल्यात धनी कसलीही सूचना देत नाही. लूककडे, यरीहोतल्या दाखल्यात, व्यापार करा असं सांगून मोहरा दिल्या जातात. इथे तेही नाही. ज्याची जशी कुवत, तसं दिलं आणि निघून गेला. हिशेबाची वही नाही, मागे मुकादम नाही. एवढा विश्वास!

तिसऱ्या चाकरानं खड्डा खणला. त्याला लगेच आळशी म्हणायची घाई नको. पैसा जमिनीत पुरणं त्या काळी बेजबाबदार मानलं जात नव्हतं. पुढच्या काळातल्या ताल्मुदात, पैसा राखायचा तर जमिनीतच, असं सांगणारे गुरू भेटतात. धनी परत येतो, तेव्हा या चाकरानं एक नाणंही गमावलेलं नसतं. कुठल्याही पंचायतीपुढे तो निर्दोष सुटला असता. मग त्याचं चुकलं कुठे?

त्याचं बोलणं कान देऊन ऐका. तो म्हणतो, तुम्ही कठोर आहात हे मला माहीत होतं. जिथे पेरलं नाही तिथे कापणारे आहात. म्हणून मी भ्यालो. हे तो कुणाबद्दल बोलतोय? ज्यानं कसलीही अट न घालता २० वर्षांची मजुरी त्याच्या हाती ठेवली, त्याच्याबद्दल. पुरावा त्याच्या हातात होता, २५ किलोंचा पुरावा, आणि मनात मात्र धन्याचं भलतंच चित्र. चांदी त्यानं घेतली, विश्वास घेतलाच नाही. ‘हे घ्या तुमचं’ अशा अर्थाचं तो शेवटी जे बोलतो, त्यात सगळं आलं. ते कधी त्याचं झालंच नव्हतं. जे आपण मनापासून घेतलेलं नाही, ते आपल्याकडून वापरलं जात नाही. ते फक्त सांभाळलं जातं.

ख्रिस्ती मंडळीत कारभारीपणाचा विषय निघाला की बोलणं दशमांशावर, वेळेवर, अंगच्या गुणांवर जातं. जाऊ दे, तेही हवं. पण कारभार बिघडतो तो आधी घेण्यापाशी, असं हा दाखला मला सांगतो. देव मोजून देणारा, चुका टिपून ठेवणारा आहे असं ज्याला वाटतं, तो कृपेलासुद्धा पुरून ठेवील. तो धर्म पाळेल, नेमानं पाळेल, आणि प्रत्येक दिवस खड्ड्यावरची माती तपासण्यात घालवील. धनी त्याला त्याच्याच मापानं मोजतो. तू मला असा समजत होतास ना? मग निदान सावकारांकडे तरी ठेवायचं होतंस, व्याज आलं असतं.

डोळे मिटा. देवानं तुमच्या हाती काय ठेवलं आहे, ही यादी आत्ता नको. त्याआधीचा प्रश्न घ्या: ठेवणाऱ्याचा चेहरा तुमच्या मनात कसा आहे? रागावलेला आहे का? तो चेहरा कुठून आला? कुणा माणसाचा राग आपण देवाच्या चेहऱ्यावर चढवला आहे का? हा प्रश्न एका बैठकीत सुटणार नाही. तो मनात घेऊन झोपलं तरी चालेल.

मत्तयनं या दाखल्यापाठोपाठ कोणता प्रसंग ठेवला, तेही पाहा. भुकेला, तहानेला, परका, उघडा, आजारी, तुरुंगातला. त्यांच्यासाठी जे केलं ते माझ्यासाठी केलं, असं राजा सांगतो. म्हणजे तालांत कुठे गुंतवायचा, याचा पत्ता पुढच्याच परिच्छेदात आहे. जवळ असणाऱ्याला आणखी मिळणार, हे वचन श्रीमंतांच्या बाजूनं उभं करणाऱ्यांनी दहा-बारा ओव्या पुढे वाचायला हवं होतं.

घेणं आणि सोपवणं एकाच हाताची कामं कशी होतात, हे पाहायला मला पंडिता रमाबाईंकडे जावंसं वाटतं. त्यांचा जन्म १८५८चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्याजवळ संस्कृत विद्या होती, आणि ती बायकांना द्यायची नाही असा तेव्हाचा दंडक. विद्या पुरून ठेवायला याहून मान्य असा खड्डा कुठला? शास्त्रीबुवांनी तो नाकारला. पत्नीला शिकवलं, समाजाचा रोष घेतला, आणि पुढे आईनं ती विद्या लेकीच्या कानांत घातली. रमाबाईंनी ती ऐकून, पाठ करून घेतली. दुष्काळात आई-वडील गेले. भावाबरोबर पायी देश तुडवत त्या १८७८ साली कलकत्त्याला पोचल्या आणि तिथल्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं. शुभवर्तमानाची ओळख होण्याआधीच या घरानं तालांताचा दाखला जगून दाखवला होता. हे म्हणायला मला जराही संकोच वाटत नाही; बी कुठे पडावं हे पेरणारा ठरवतो.

पुढे १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. मग मुंबईत शारदा सदन, मग केडगावचं मुक्ती मिशन, दुष्काळात उघड्यावर पडलेल्या मुली आणि विधवा. आणि आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी सगळं बायबल मराठीत आणायचं काम हाती घेतलं. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. एवढ्या संस्कृत पंडितेला भारदस्त भाषा सहज जमली असती. त्यांनी साधी मराठी निवडली, कारण नुकतंच अक्षर ओळखू लागलेल्या बाईला ते वाचता यायला हवं होतं. केडगावच्या छापखान्यात मुक्तीतल्या बायका-मुलीच त्याचे खिळे जुळवत. एका खिळ्याशेजारी दुसरा खिळा, ओळीमागून ओळ. ज्यांना अक्षर नाकारलं गेलं होतं, त्यांच्या बोटांतून शास्त्र उतरत होतं. रमाबाई १९२२ साली गेल्या. ते संपूर्ण भाषांतर १९२४ साली प्रसिद्ध झालं.

यात कुठे घेणं संपतं आणि कुठे देणं सुरू होतं, ते मला दाखवता येत नाही. त्या मुली घेत होत्या की देत होत्या?

आता मार्काकडे परत. बोट त्याच पानात आहे ना? दिव्याची ओवी पुन्हा वाचा, या वेळी मापाच्या ओवीला लागून. घरातलं धान्याचं माप उपडं घातलं की दिवा झाकला जातो, थोड्या वेळानं विझतोही. म्हणून प्रभूला ऐकण्याबद्दल बोलताना दिव्यापासून सुरुवात करावीशी वाटली असावी. ऐकलेलं आतच राहिलं तर गुदमरतं. नाही त्याच्याकडचं असेल तेही जाणार, या वचनातली धमकी मला आता ऐकू येत नाही. कुणी सांगावं की न गायलेलं गाणं विसरतं, तसं हे सांगितलेलं आहे, जपणाऱ्याच्या काळजीनं.

तुम्ही स्वतःवर फार कठोर होऊ लागला असाल, माझं माप वाटीएवढं, माझी जमीन काट्यांची, असं मनात येत असेल, तर सावकारांबद्दलचं ते वाक्य आठवा. तिसऱ्या चाकराकडून धन्याला पाचाचे दहा नको होते. दोनाचे चारही नको होते. सावकाराकडे ठेवणं, म्हणजे करता येण्यासारखी सगळ्यांत लहान गोष्ट, तीही त्याला चालली असती. हे कठोर माणसाचं बोलणं आहे का? आणि आणखी एक पाहा. दाखल्यात तीन चाकर आहेत. दोघांनी व्यवहार केला आणि दुप्पट केलं, एकानं पुरलं. व्यवहार केला आणि बुडाला, असा चाकर मत्तयनं दाखवलेला नाही. तो परत आला असता रिकाम्या हातानं, मान खाली घालून, तर धनी त्याला काय म्हणाला असता? या प्रश्नापाशी थोडा वेळ बसा. उत्तर देताना धन्याचा कुठला चेहरा तुमच्या मनात येतो, तेवढंच न्याहाळा.

मग या आठवड्यात तुमच्या कानांवर आलेलं एक काही निवडा. एखादं वचन, कुणी दिलेला धीर, कुणी केलेली क्षमा. मोठं शोधू नका. ते कुणाच्या हाती द्यायचं, त्या माणसाचं नाव प्रार्थनेत घ्या, आणि उद्या दिवस मावळायच्या आत त्याला फोन करा किंवा त्याच्या घरी जाऊन या.